मॅच चालू असताना बाहेरून हवा घेता येते का? (१० मीटर एअर रायफल)

राधानगरीकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

लेक १० मीटर एअर रायफल मारते, तिसरं वर्ष. मागच्या रविवारी मॅचला जे झालं ते आधी सांगते, मग प्रश्न.

पस्तिसाव्या शॉटपर्यंत छान चाललं होतं. १०.४, १०.२, १०.५ असं. मग १०.०, ९.८, ९.५. मी मागे खुर्चीत. मॉनिटरवर दिसत होतं की ठिपके सगळे मधल्या उभ्या रेषेवरच आहेत, डावी-उजवीकडे काही नाही, फक्त जिना उतरल्यासारखे खाली खाली चाललेत. ती बिचारी साइटचे (नेम जुळवायच्या यंत्रणेचे) क्लिक वर करतेय आणि पुढचा शॉट अजून खाली. एकेचाळिसावा ८.९. तेव्हा कुठे तिने रायफल खाली घेतली आणि रायफलच्या हवेच्या सिलेंडरच्या टोकाचा, दाब दाखवणारा गेज बघितला. काटा सत्तर बारच्याही खाली.

हवा संपली होती हो!

हात वर केला, रेंज ऑफिसर आले, रायफल रिकामी असल्याचं बघितलं, सेफ्टी फ्लॅग घातला, मग ती मागे गेली. हवा भरायच्या टाकीपाशी आधीच दोन मुलं उभी. भरून, परत येऊन, जॅकेटची बटणं लावून, पोझिशन घेईपर्यंत नऊ मिनिटं गेली. घड्याळ चालूच. १९ शॉट उरलेले आणि चौदा मिनिटं. त्यात साइटचे क्लिक वर केलेले तसेच राहिले, म्हणून बेचाळिसावा शॉट पार वर. त्यानंतरचं लिहीत नाही.

प्रश्न असा: मागे ती भली मोठी टाकी उभीच असते ना? तिच्यातून बारीक नळी काढून सरळ रायफलला जोडून ठेवली तर? परदेशातले लोक टेबलावर रायफल ठेवून अशी नळी लावून मारताना व्हिडिओत बघितलेत. आपल्याकडे चालतं का? चालत नसेल तर का नाही?

साठपैकी_साठ

काकू, नळी लावून स्टँडिंग म्हणजे सलाइन लावलेला पेशंट वॉर्डात उभा राहिल्यासारखं दिसेल :)

पण वाईट वाटलं. माझं पण झालंय हे. त्याबद्दल नंतर लिहिते.

तिरकस_नेम

छोटं उत्तर: नाही चालत.

मोठं उत्तर: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलेंडर बदलायचा किंवा भरायचा असेल तर परवानगी घेऊन फायरिंग पॉइंट सोडावा लागतो आणि त्याला जादा वेळ मिळत नाही. म्हणजे तुमच्या मुलीने जे केलं ते नियमाला धरूनच केलं. पॉइंटवर उभं राहून एकदा भरायची सोय नाही, तिथे साठही शॉट भरत राहणारी नळी कशी चालेल? शिवाय रायफल सगळ्या साजासकट साडेपाच किलोच्या आत बसली पाहिजे. टाकीला बांधलेल्या रायफलचं वजन कुठून कुठपर्यंत करायचं, हा इक्विपमेंट कंट्रोलवाल्यांना (मॅचआधी साहित्य तपासणाऱ्यांना) छळायला झकास प्रश्न आहे.

आता मला सांगा, मॅचला निघताना गेज किती होता?

राधानगरीकर

आदल्या संध्याकाळी भरला होता. "फुल केलाय" म्हणाली.

तिरकस_नेम

फुल म्हणजे किती बार?

राधानगरीकर

थांबा, विचारते.

...

१२५. रेंजवरच्या टाकीतच तेवढी उरली होती म्हणे. आणि भरल्यावर पन्नासेक शॉट प्रॅक्टिसही केली.

तिरकस_नेम

म्हणजे हवा रविवारी संपलीच नाही. शनिवारी संध्याकाळीच संपली होती, कळलं रविवारी.

मालवणचो_बुडबुडो

माका बंदुकीतला काय कळणा नाय, पण हवेतला कळता. मी पाण्याखाली माणसं नेतो, पोटापाण्याचा धंदा तोच. आमच्याकडे पुण्या-कोल्हापूरकडची नेमबाज मंडळी कधीतरी टाकी भरून घ्यायला येतात आणि दर वेळी हीच गफलत करतात, म्हणून लिहितो.

टाकी मोठी असली म्हणजे दाब मोठा असतो असं नाही. आमची नेहमीची अॅल्युमिनियमची डायव्हिंगची टाकी ११ लिटरची, भरते २०७ बारपर्यंत. तुमचा रायफलचा सिलेंडर पाव लिटरपेक्षाही लहान, धरून चला २०० मिली. तो १०० वरून २०० बारला न्यायचा तर वीस लिटर मोकळी हवा लागते. टाकीतून वीस लिटर गेली की टाकीचा दाब पावणेदोन-दोन बारने उतरतो. म्हणजे पहिला सिलेंडर भरला, टाकी २०५. दुसरा, २०३. चार-पाच पोरांनी भरला की टाकी २०० च्या खाली. आता टाकीत दोन हजार लिटर हवा पडून आहे, डायव्हरला पाऊण तास पुरेल एवढी, पण तुमचा सिलेंडर तिच्यातून परत कधी २०० होणार नाही. टाकी १२५ ला आली की ती १२५ च देणार. दोन भांडी नळीने जोडली की पाणी एका पातळीला येतं, तसं.

दुसरं म्हणजे घाईने भरू नका. झटक्यात व्हॉल्व्ह उघडलात तर सिलेंडर हाताला गरम लागतो. त्या वेळी गेज २०० दाखवेल आणि रात्री गार झाल्यावर १८५. आम्ही टाक्या पाण्याच्या हौदात ठेवून भरतो ते त्यासाठीच. तुम्ही निदान हळू भरा, पाच मिनिटं थांबा, परत थोडी द्या.

आणि कोणी "ऑक्सिजनची टाकी आहे, चालेल का" म्हणून विचारलं तर त्याच्यापासून चार हात लांब पळा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलला लागलेलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. माणसं गेलीयेत त्यात.

राधानगरीकर

बाप रे. हे कुणी कधी सांगितलंच नाही. धन्यवाद दादा.

लीड्सकर

मूळ प्रश्नातल्या व्हिडिओतला प्राणी मी आहे. म्हणजे अगदी तोच नाही, पण त्या जातीचा. इंग्लंडमध्ये बेंचरेस्ट मारतो. टेबल, पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी, २५ मीटरवर कार्ड, कार्डावर २५ बुल (लक्ष्याची वर्तुळं), पैकीच्या पैकी २५०. आमच्या क्लबात नळी चालते आणि मी लावतो. दुसऱ्यांच्या मॅचला जाताना मात्र आधी त्यांची नियमावली वाचतो, सगळीकडे सारखं नसतं.

का लावतो? माझी रायफल जुनी आहे, आत रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) नाही. अशा रायफलला सिलेंडरचा दाब उतरत जातो तसा वेग आधी चढतो, मधे थोडा वेळ सपाट चालतो आणि मग घसरतो. त्या सपाट पट्ट्यात जेमतेम तीसेक शॉट मिळतात. २५ बुल आणि वर साइटर (सुरुवातीचे, गुणांत न धरलेले शॉट) म्हटलं की संपलंच. त्यापेक्षा बाजूला मोठी बाटली, तिच्यावर रेग्युलेटर, तिथून मायक्रोबोअर नळी रायफलच्या फिलिंग पोर्टला. पहिल्या शॉटला जो दाब तोच शेवटच्या शॉटला. इथे विनापरवाना रायफल १२ फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे १६ जूलच्या थोडं वर. त्या वेगाने २५ मीटरपर्यंत पेलेट (छर्रा) सहाएक सेंटिमीटर खाली पडते. वेगात एक टक्का फरक पडला तर मिलिमीटरभर वर-खाली. आमच्या कार्डावर मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झालं.

माझं म्हणणं, आयएसएसएफने पण परवानगी द्यायला हवी. तुमच्या लेकीची मॅच गेली ती नेमामुळे नाही, हवेमुळे गेली. नेमबाजीच्या परीक्षेत प्लंबिंगचे मार्क कशाला कापायचे?

तिरकस_नेम

प्लंबिंगचे मार्क पूर्वीपासून आहेत. सायकलच्या शर्यतीत चाकात हवा भरायचं काम कोणाचं असतं?

आकडेमोड

लीड्सकर, तुमच्या रायफलपुरतं तुमचं बरोबर आहे, १० मीटरवाल्यांच्या नाही. थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

१० मीटरच्या मॅच रायफलमध्ये रेग्युलेटर आतच असतो. सिलेंडरमध्ये २०० बार असो की १००, व्हॉल्व्हपाशी रेग्युलेटर ठरवेल तेवढाच दाब पोचतो. माझ्या रायफलला तो सत्तरच्या आसपास आहे. म्हणजे २०० पासून सत्तरपर्यंत रायफलला काही फरकच कळत नाही. नळी लावून जे मिळणार, ते आतच बसलेलं आहे.

सत्तरच्या खाली मात्र गंमत संपते. पेलेट साधारण १७२ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते असं धरा. १० मीटरला ५८ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात ती साडेसोळा मिलिमीटर पडते. साइट त्या हिशेबाने लावलेली असते. वेग १६० वर आला की पडणं एकोणीस मिलिमीटर, म्हणजे अडीच मिलिमीटर खाली. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगांत अंतरच अडीच मिलिमीटर, दशांशाची पायरी पाव मिलिमीटर. चांगला १०.५ सरळ ९.५ होतो, तुमचा नेम तसूभरही न हलता. आणखी उतरून १५० झाला की पाच मिलिमीटर, म्हणजे दोन रिंगा. ताईंनी लिहिलेला जिना तंतोतंत हाच आहे: डावी-उजवीकडे काही नाही, फक्त खाली. श्वास, ट्रिगर, पोझिशन यांच्या चुका इतक्या शिस्तीत एका रेषेवर पडत नाहीत. मधल्या रेषेवर ओळीने तीन शॉट उतरले की क्लिकला हात लावायच्या आधी गेज बघायचा.

आता नळीची दुसरी बाजू. कोणीतरी म्हणेल की हवा कमी होते तशी रायफल हलकी होते, बॅलन्स बदलतो, नळी असती तर बदलला नसता. २०० मिलीच्या सिलेंडरमध्ये २०० बारला हवा भरते अट्ठेचाळीस ग्रॅम. त्यातली सत्तर बारपर्यंतची, म्हणजे एकतीसेक ग्रॅमच वापरायची; तेवढ्यात पावणेतीनशे-तीनशे शॉट निघतात असं धरलं तर साठ शॉटला साधारण सहा ग्रॅम हवा जाते. २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं सहा ग्रॅमचं असतं. साठ शॉटांत, सव्वा तासात, पाच किलोच्या रायफलवरून एक नाणं हळूहळू उचललं जातं. ज्याला हे जाणवतं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

साठपैकी_साठ

आमच्या रेंजवर एक दादा आहे, त्याला जाणवतं म्हणतो. त्याला वारा पण जाणवतो. इनडोअर रेंज आहे.

लीड्सकर

हाहा. आकडेमोड, मान्य, रेग्युलेटर असलेल्याला वेगाच्या बाबतीत फायदा शून्य. पण "हवा संपणार नाही" हा फायदा उरतोच ना?

तिरकस_नेम

उरतो. पण किंमत काय ते तुम्हीच सांगा. टेबलावर असूनही नळीचा त्रास होतो की नाही? खरं सांगा.

लीड्सकर

होतो. खोटं कशाला बोलू. पहिल्या महिन्यात माझे शॉट उजवीकडे जात होते, का ते कळेना. रायफल शॉटबरोबर पिशवीवर केसभर मागे सरकते, नळी ताणली की तिला वळवते. पुढे लोड करताना मी तिला परत पुढे ढकलायचो, तेव्हा नळी फुगून दुसऱ्या बाजूला ढकलायची. मग नळीला हातभर ढील देऊन टेबलाच्या कडेला बायकोच्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा लावला. आता नळीची हालचाल चिमट्यापर्यंतच, रायफलपर्यंत पोचत नाही. चार वर्षं तोच चिमटा आहे. निळा.

स्टँडिंगला चिमटा कुठे लावणार, हे कबूल.

तिरकस_नेम

मिळालं उत्तर. स्टँडिंगला रायफलचं सगळं वजन डाव्या कोपराखालून कमरेच्या हाडावर उतरतं, शरीर सतत बारीक डुलत असतं, आणि पोरं बॅरलवर पंचवीस-पंचवीस ग्रॅमची वजनं पुढे-मागे करून महिनोन्‌महिने बॅलन्स जुळवतात. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यात पुढून एक नळी लोंबते आणि दर श्वासाला वेगळीकडे ओढते? माझ्याकडे कोणी अशी फुकट बसवून दिली तरी मी काढून टाकेन. नियम नसता तरी ती कोणी लावली नसती, असं माझं मत.

फील्ड टार्गेटवाल्यांचं तर बोलूच नका, ते रायफल घेऊन झाडाझुडपांतून एका लेनवरून दुसऱ्या लेनला चालत असतात. टाकी पाठीवर घेणार का?

जुनी_स्प्रिंग

या चर्चेत म्हाताऱ्याला बोलायला हक्काची जागा आहे म्हणून बोलतो. आमच्या वेळी प्रत्येक शॉटला हवा बाहेरूनच यायची!

थट्टा नाही करत. आधी स्प्रिंगच्या रायफली होत्या, फाइनवेर्कबाऊ ३०० एस वगैरे. लिव्हर ओढून स्प्रिंग दाबायची. शॉट सुटला की आतलं अख्खं यंत्र रुळावर मागे घसरायचं, म्हणजे धक्का गालाला लागू नये. मग आल्या एका दमात हवा भरणाऱ्या. बाजूची लांब लिव्हर उघडायची, बंद करायची, तेवढ्यात एका शॉटपुरती हवा दाबली जायची. त्या लिव्हरला जोर लागायचा. साठ शॉट आणि वर साइटर म्हटलं की सत्तर-ऐंशी वेळा तो दांडा ओढायचा, तोसुद्धा जाड जॅकेट घालून, मार्च-एप्रिलच्या उकाड्यात. शॉटच्या आधी उजवा हात थरथरायचा. पण एक सुख होतं. हवा संपायची भानगड नाही, आणि पहिल्या शॉटला जेवढी तेवढीच साठाव्याला. गेज नावाची वस्तूच नव्हती.

मधे सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) आला. त्याचं उलटंच, उन्हाळ्यात आणि थंडीत वेग वेगळा. नव्वदच्या दशकात हे दाबलेल्या हवेचे सिलेंडर आले आणि दहा वर्षांत बाकी सगळं मागे पडलं. २००० मध्ये आपली अंजली भागवत सिडनीला ऑलिम्पिकच्या फायनलला पोचली, तेव्हा अंजली वेदपाठक होती ती. पेपरात फोटो आला आणि आमच्या जुन्या रेंजवर अचानक मुलींची रांग लागली. लिव्हर ओढायला बारक्या पोरी कुरकुरायच्या. सिलेंडर आल्यावर बारा वर्षांची मुलगी आणि साठीचा मी, दोघांची हवा सारखी झाली. माझ्या मते या खेळाचं भलं त्या बाटलीने केलं. आता बाटलीकडे बघायची सवय लावायची एवढंच मागणं आहे तिचं.

राधानगरीकर

काका, किती छान लिहिलंय. लेकीला वाचून दाखवलं. "दांडा ओढायला मला आवडलं असतं" म्हणाली. आवडू दे.

संत्रानगरीचा_बाप्पा

काय राजेहो, एवढी चर्चा झाली अन् सिलेंडरवरची तारीख कोणी विचारलीच नाही!

ताई, सिलेंडर फिरवून बघा. त्याच्यावर बनवल्याचं वर्ष अन् महिना कोरलेला असते. या रायफलींच्या सिलेंडरला कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत पाळायची जबाबदारी खेळाडूची, असं नियमातच आहे, अन् इक्विपमेंट कंट्रोलला तपासू शकतात. सेकंड-हँड रायफल घेतली असेल तर आधी हेच बघा. आमच्याकडं एका पोरानं रायफल स्वस्तात घेतली, बापानं पेढे वाटले, अन् मग कळलं का सिलेंडरची मुदत त्याच वर्षी संपते. नवा सिलेंडर घ्यायला रायफलीच्या निम्मे पैसे परत गेले.

मोठ्या टाकीचं अजून वेगळं. तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं तपासणी) असते, तारीख खांद्यावर ठोकलेली असते. हे सगळं गॅस सिलेंडर नियम, २०१६ मध्ये येते, अन् ते बघणारी सरकारी संस्था पेसो आमच्या नागपुरातच बसते, देशाचं मुख्य ऑफिस. म्हणून मले जरा जास्त पुळका. क्लबची टाकी असली का क्लबवाल्याले विचारायला लाजू नका. अन् टाकी गाडीत आडवी टाकून, व्हॉल्व्हवर टोपी नसताना, सुसाट नेऊ नका बाप्पा. व्हॉल्व्ह तुटला तर ते टाकी राहत नाही, रॉकेट होते.

राधानगरीकर

बघितलं. २०१९ आहे. म्हणजे अजून चालेल. पण खरं सांगू का, आत्तापर्यंत हे आकडे म्हणजे कंपनीचा नंबर असेल असं वाटायचं मला.

साठपैकी_साठ

मी लिहीन म्हटलं होतं ते लिहिते. माझं जरा वेगळं झालं होतं. मॅचमध्ये मधे दहा मिनिटं रायफल खाली ठेवून बसले, डोकं थाऱ्यावर नव्हतं. परत उभी राहिले, पहिलाच शॉट १०.० आणि बरोबर वर. मला वाटलं माझीच चूक. कोचने नंतर सांगितलं की रेग्युलेटरचं सील थकलं की रायफल पडून असताना आतला दाब हळूहळू चढतो, त्यामुळे विश्रांतीनंतरचा पहिला शॉट जोरात जातो. बाकी सगळे ठीक. घरी तुम्ही पेलेट न घालता एक शॉट सोडून तो दाब घालवू शकता, पण मॅचमध्ये तसं करायचं नाही!! पहिला मॅच शॉट झाल्यावर पेलेट न घालता हवा सोडली तर तो शॉट मिस धरतात. शून्य. ड्राय फायर चालतं, पण ड्राय फायरच्या सेटिंगवर, हवा न सोडता. आमच्या रेंजवर एकाने हे केलंय, नाव नाही सांगत, तो इथे वाचतो.

सील बदलून घेतलं, आता नीट आहे.

आणि काकू, तिला सांगा की असले प्रकार मोठमोठ्यांना पण होतात. २००८ ला बीजिंगमध्ये फायनलच्या आधी बिंद्राचा पहिला साइटर ४ ला गेला होता. चार! साइट हललेली होती. त्याने आरडाओरडा केला नाही, क्लिक फिरवले, दहा शॉटांची फायनल मारली आणि गोल्ड घेऊन आला.

तिरकस_नेम

बिंद्राला साइटर होते म्हणून कळलं, हे पण सांग. सिलेंडर भरून आल्यावर हिला साइटर मिळत नाहीत, थेट मॅच शॉट. म्हणून जे क्लिक वर केलेत ते मोजून परत खाली आणायचे आणि मगच बेचाळिसावा मारायचा. मी माझ्या मुलांना क्लिक मोठ्याने मोजायला लावतो. शेजारचा वैतागतो, वैतागू दे.

माझी पद्धत सांगतो, कोणाला पटली तर घ्या. मॅचच्या सकाळी रायफल पेटीतून काढली की पहिलं काम गेज. १५० च्या खाली असेल तर भरायचा, रांग असो नसो. प्रत्येकाने आपल्या रायफलचा हिशेब एकदा काढून ठेवायचा: सकाळी गेज लिहा, शंभर शॉट मारा, सिलेंडर गार असताना परत लिहा. माझ्याकडच्या रायफलींना शंभर शॉटला ४०-४५ बार लागतात. एकीला साठ लागायला लागले तेव्हा गळती सापडली. सिलेंडरच्या थ्रेडपाशी साबणाचा फेस लावला, बारीक बुडबुडे.

परवडत असेल तर दुसरा सिलेंडर भरून मागे बॅगेत. बदलायला मिनिटभर लागतं, भरायला नऊ मिनिटं, ते तुम्ही पाहिलंतच. फायनलला तर एकेका शॉटला पन्नास सेकंद. मागे जाऊन भरायचा विचारसुद्धा करायला जागा नाही.

कोकणातली_कैरी

मधेच घुसते. घरी हातपंप आहे, टाकीची भानगड नको म्हणून घेतला. पावसाळ्यात पंपाने भरलं तर चालतं का? रत्नागिरीत भिंतींना पाणी सुटतं इथे.

मालवणचो_बुडबुडो

चलता, पण पंपाक ओलावा शोषणारो फिल्टर लावलेलो व्हयो. हवा दाबली की तिच्यातला पाणी सुटता. आमच्या कॉम्प्रेसरात दर थोड्या वेळान नळ उघडून पाणी सोडूचा लागता, जुलैत तर ग्लासभर. ता पाणी तुमच्या सिलेंडरात गेला तर आतून गंज आणि रेग्युलेटराची वाट. दर पन्नासेक दट्ट्यांनी थांबा, पंप थंड होऊ द्या, खालचो ब्लीड उघडून ओलावा उडवा. आणि पंपाक खोबरेल, मशीनचा तेल, कायएक लावू नका. सांगितलेला सिलिकॉन ग्रीसच.

कोकणातली_कैरी

खोबरेल लावलं होतं :(

मालवणचो_बुडबुडो

पुसून काढा. आजच.

आकडेमोड

कैरी, हातपंपाने १०० ते २०० न्यायला शंभराच्या पुढे-मागे दट्टे बसतात आणि शेवटचे वीस सगळ्यात जड. मॅचच्या सकाळी ते करू नका. जुनी_स्प्रिंग काकांच्या लिव्हरचा थरथरता हात विकत घेतल्यासारखं होईल.

लीड्सकर

एकंदरीत माझी नळी माझ्यापाशीच राहू दे असं दिसतंय. ताई, मुलीला कधी टेबलावर बसून मारावंसं वाटलं तर मात्र कळवा, चिमटा पाठवतो.

राधानगरीकर

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

त्या दिवसानंतर लेकीने हिशेब काढला: शंभर शॉटला ४३ बार. पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय, तारीख आणि गेज, रोजचं. मी रेंजवर जाऊन टाकीचा गेज किती आहे ते विचारायला लागले, तर तिथल्या मुलांनी मला "हवाकाकू" नाव ठेवलंय.

काल परत मॅच होती. सुरुवातीला १९०, साठ शॉट आणि साइटर मिळून संपलं तेव्हा १५४. भरलेला दुसरा सिलेंडर शेजारच्या क्लबच्या एका बाईंनी न मागता आमच्या बॅगेत ठेवला होता, लागला नाही, संध्याकाळी परत दिला.

साठपैकी_साठ

आणि स्कोअर???

राधानगरीकर

फायनल ०.३ ने हुकली. या वेळी हवेचा संबंध नाही. एक ९.४ डावीकडे गेला, तो तिचा.